वाढदिवस कुत्र्याचा, आवड कुणाची?

पुण्या-मुंबईत कुत्र्याचा वाढदिवस ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पाटावर बसवून औक्षण होतं, डोक्यावर कागदी टोपी चढते, हाडकाच्या आकाराचा केक येतो, सोसायटीतली पोरं जमतात. मग भेट उघडली जाते आणि आठशे रुपयांचं मऊमऊ अस्वल बाहेर येतं. उत्सवमूर्ती त्याला एकदा हुंगते, तोंड फिरवते आणि अस्वल ज्या खोक्यातून आलं ते खोकं ओढत सोफ्यामागे पसार होते. पुढचा अर्धा तास घरभर पुठ्ठ्याचे तुकडे. ‘याला मेल्याला किंमतच नाही कशाची,’ असं म्हणत आजी केरसुणी शोधते.

कुत्र्याने किंमत अगदी बरोबर केलेली असते. खोक्याला गोदामाचा, टेम्पोचा, चार-पाच हातांचा वास असतो. ते दातात धरता येतं, टराटरा फाडता येतं, फाडताना आवाज होतो आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा आकार बदलतो. अस्वलाला वास फक्त कारखान्याचा. आणि ते फाडलं की ओरडा बसतो. आपण भेट निवडतो डोळ्यांनी, आणि ती वापरणारा वापरतो नाक आणि जबडा. कुत्र्यासाठीच्या बहुतेक भेटी कपाटात धूळ खातात त्या यामुळेच.

तारीख कुत्र्याला कळत नाही, हे सांगायला नकोच. रस्त्यावरून उचलून आणलेल्या इंडीच्या, म्हणजे देशी कुत्र्याच्या, बाबतीत ती आपल्यालाही ठाऊक नसते. डॉक्टर दात बघून वयाचा अंदाज देतात आणि मग घरी आणलं तो दिवस वाढदिवस ठरतो. त्यात वावगं काही नाही. नेपाळात तिहारच्या सणातला दुसरा दिवस सगळ्या कुत्र्यांचा असतो, पाळीव आणि भटक्यांचाही. कुकुर तिहार म्हणतात त्याला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा आणि पोटभर खाणं. दिवस कुठला हे महत्त्वाचं नाही. त्या दिवशी कुत्र्याला त्याच्या उपयोगाचं काय मिळतं, हे महत्त्वाचं.

नाकाचा मान पहिला

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार २० ते ३० कोटींच्या घरात जातात. श्वास सोडताना हवा त्याच्या नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून बाहेर पडते, त्यामुळे आत येणारा वास विस्कटत नाही. विजेच्या खांबापाशी तो दोन मिनिटं थांबतो, तेव्हा कोण येऊन गेलं, नर होता की मादी, किती वेळापूर्वी, एवढी माहिती तो गोळा करत असतो. आपण मात्र ‘चल रे, काय लावलंयस’ म्हणून पट्टा ओढतो.

हुंगण्याने कुत्र्याच्या मनःस्थितीत फरक पडतो का, हे शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकांनी तपासलं. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे रोज लपवलेला खाऊ वासाने शोधायचा, दुसऱ्याने तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचं. चाचणी अशी होती : एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या भांड्यात नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलेलं. मग भांडं ठेवलं मधोमध. यात खाऊ असेल की नसेल? हुंगण्याचा सराव केलेले कुत्रे या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर जायला लागले. म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल, ही त्यांची आशा वाढली होती. चालण्याचा सराव केलेल्यांत तसा बदल दिसला नाही.

म्हणून भेटींच्या यादीत पहिलं नाव हुंगण्याच्या चटईचं. बाजारात ती ‘स्नफल मॅट’ या नावाने मिळते, पण घरी करणं सोपं आहे. भोकं असलेलं रबरी पायपुसणं घ्यायचं, जुन्या सुती टी-शर्टच्या किंवा साडीच्या वीतभर लांब पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक भोकातून ओवून घट्ट गाठ मारायची. पट्ट्यांचं दाट रान तयार झालं की त्यात रोजच्याच खाण्यातलं मूठभर किंवा बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या टाकायच्या. वाडग्यातलं जेवण दोन मिनिटांत फस्त करणारा लॅब्रॅडॉर या चटईवर बराच वेळ गुंततो आणि उठतो तो शांत होऊन. कापड गिळायची सवय असलेल्या कुत्र्याला मात्र ही चटई देऊ नये. त्याच्यासाठी बागेतल्या गवतात दाणे फेकले तरी तोच खेळ होतो.

लाल चेंडू कुठे गेला?

कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं, हा समज अजून टिकून आहे. जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कुत्र्यांच्या रंगदृष्टीच्या चाचण्या घेतल्या आणि चित्र स्पष्ट झालं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन. निळा आणि पिवळा त्याला चांगला कळतो. लाल आणि हिरवा यांत तो गोंधळतो. दोन्ही त्याला मळकट पिवळ्या-तपकिरी छटांसारखे दिसतात.

दुकानात मात्र लाल चेंडू सर्वांत जास्त, कारण खरेदी माणूस करतो. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू थांबला की कुत्र्याच्या डोळ्यांपुढून जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याला तो नाकाने हुडकावा लागतो. चेंडू, तबकडी, पाण्यात फेकायचं खेळणं, काहीही घ्या; रंग निळा किंवा गडद पिवळा निवडा. खर्च तेवढाच, उपयोग दुप्पट.

शिकारीची साखळी

आता मुख्य प्रश्न : कुठल्या कुत्र्याला काय? इथे रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने मांडलेली एक कल्पना कामी येते. लांडग्याची शिकार म्हणजे हालचालींची साखळी असते. शोध घेणं, नजर रोखून दबा धरणं, पाठलाग, पकड, मारण्यासाठी चावा, फाडणं आणि शेवटी खाणं. माणसाने हजारो वर्षं निवडक पैदास करताना या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही दाबल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं आणि पाठलाग वाढला, चावा दबला. म्हणून तो मेंढ्या वळवतो, मारत नाही. रिट्रीव्हर जातींमध्ये हलकी पकड राहिली. टेरियर जाती उंदीर-घुशी मारण्यासाठी तयार झाल्या, त्यामुळे धरून झटकणं त्यांच्या अंगात मुरलं. बीगल म्हणजे चार पायांवरचं नाक. आपल्या लातूर-सोलापूरकडचा कारवानी नजरेने सावज हेरून सुसाट धावणारा. इंडीमध्ये अशी एकांगी पैदास झालेली नसल्याने सगळ्याच कड्या थोड्याथोड्या सापडतात.

आपल्या कुत्र्याची लाडकी कडी कुठली, हे आठवडाभर लक्ष ठेवलं की कळतं. चप्पल पळवतो, पण चावत नाही, नुसती तोंडात घेऊन घरभर मिरवतो? त्याला पकडायला आवडतं. तोंडात नीट मावणारं, उचलून आणता येईल असं मऊ रबरी खेळणं त्याला द्या. उशीचा कापूस काढून ठेवतो? त्याची कडी फाडण्याची. त्याच्यासाठी चिकटपट्टी आणि पिना काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत कागदाचे बोळे आणि बोळ्यांत खाऊ. ही भेट फुकट आहे आणि फाडण्यासाठीच दिलेली असल्याने कुणाला ओरडावं लागत नाही. सायकली, खारी, पाली यांच्या मागे धावतो? लांब काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी बांधा आणि ती जमिनीलगत फिरवा. पाठलागाची हौस दहा मिनिटांत भागते. फक्त दर दोन-तीन फेऱ्यांनंतर चिंधी त्याच्या हाती लागू द्या. कधीच न सापडणारी शिकार कुत्र्याला चिडचिडं करते. चिंधी उंच उडवून त्याला उड्या मारायला लावू नका, गुडघे आणि कंबर दुखावते.

चीं-चीं वाजणारं खेळणं सगळ्यांनाच का आवडतं, याचं उत्तरही बहुधा या साखळीतच असावं. बारीक किंचाळी म्हणजे सावजाचा आवाज. तो बंद होईपर्यंत, म्हणजे आतली शिट्टी बाहेर निघेपर्यंत, टेरियर थांबत नाही. ती शिट्टी गिळली जाऊ नये म्हणून असलं खेळणं नजरेसमोरच द्यायचं.

खेळणं आवडीचं असलं तरी दोन दिवसांत कोपऱ्यात पडतं, ही तक्रार सार्वत्रिक आहे. त्यात कुत्र्याचा दोष नाही. इंग्लंडमध्ये लॅब्रॅडॉरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की रस झपाट्याने आटतो, आणि वासाने-रंगाने वेगळं दुसरं खेळणं पुढे केलं की तो लगेच परततो. नवेपणाची ही ओढ इतकी पक्की, की २००८ मधल्या एका अभ्यासात दोन ओळखीची आणि एक नवं अशी खेळणी मांडली तेव्हा ५० पैकी ३८ वेळा कुत्र्यांनी आधी नवं उचललं. यातून खिशाला परवडणारा नियम निघतो : पाच खेळणी असतील तर दोनच बाहेर ठेवा, तीन डब्यात बंद. आठवड्याने अदलाबदल करा. डब्यातून आलेलं जुनं खेळणंही पुन्हा हवंसं होतं. वाढदिवसाला सहा खेळण्यांचा संच एकदम पुढ्यात ओतणं म्हणजे सहाही एकाच दिवशी जुनी करणं.

पोकळ रबरी खेळण्यात खाऊ भरून देण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे, तिच्या मुळाशी एका हट्टी कुत्र्याची गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये जो मार्कहॅम यांच्याकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावायची खोड. दात झिजत चाललेले. मार्कहॅम आपल्या जुन्या फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करत असताना फ्रिट्झने सस्पेन्शनचा एक रबरी भाग पळवला आणि मग तो काही सोडेना. चावला तरी तुटत नव्हता आणि जमिनीवर आपटला की वेडावाकडा उडत होता. त्यातूनच ‘काँग’ हे खेळणं जन्माला आलं. त्यात दही-भात किंवा उकडलेला भोपळा भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मे महिन्याच्या दुपारी गच्चीखालच्या तापलेल्या फ्लॅटमध्ये याच्याइतकी चांगली भेट दुसरी नसेल.

नखाची परीक्षा

मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यातला वरच्या जबड्यातला मोठा चिरणारा दात फार कडक वस्तू चावताना उभा चिरतो आणि मग भूल देऊन तो काढावा लागतो किंवा त्याच्या मुळाचा उपचार करावा लागतो. त्यामुळे चघळायची वस्तू घेताना तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. जराही खूण उमटली नाही, तर ती दातांसाठी फार कडक. हरणाचं शिंग, बैलाचं खूर, मोठं वाळकं हाड या परीक्षेत नापास होतात.

शिजवलेलं हाड तर देऊच नये. मटणाचं असो की कोंबडीचं, शिजल्यावर ते ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कांड्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. चामड्याच्या गाठी मारलेल्या पांढऱ्या कांड्या स्वस्त मिळतात. त्या लाळेने फुगून बुळबुळीत होतात आणि मोठा तुकडा गिळला गेला की अडकतो. टेनिसचा चेंडू फेकायला ठीक, चघळायला नाही. त्याच्या लवेत माती-वाळू बसते आणि ती दातांवर पॉलिशपेपरसारखी घासते. चेंडूचा आकारही बघा. कुत्र्याच्या जबड्यात मागे सरकून घशापर्यंत जाईल असा चेंडू कधीच नको. पगसाठी घेतलेला चेंडू घरातल्या लॅबच्या तोंडी लागला की धोका तिथेच. मऊ खेळण्यांचे प्लास्टिकचे डोळे, बटणं, रिबिनी घरी आणल्याआणल्या कापून टाका.

केक कापण्याआधी

खाऊशिवाय वाढदिवस नाही, हे मान्य. त्यातही एक चांगली बातमी आहे. महाराष्ट्रातले कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगले, ते काही निव्वळ नाइलाज म्हणून नाही. २०१३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारापासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचं पोटही बदललं. भाकरी त्याला पचते. एवढंच की नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही, प्रथिनं लागतात.

तेव्हा घरचा केक असा करा. अर्धी वाटी नाचणीचं पीठ, एक अंडं, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, दोन चमचे आंबट नसलेलं दही. मीठ नाही, साखर-गूळ नाही, सोडा नाही. इडलीपात्रात उकडा. सगळ्या मिश्रणाच्या मिळून साधारण ३०० कॅलरी होतात. आता हिशेब. वरखाऊ दिवसाच्या गरजेच्या १० टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. नसबंदी झालेल्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ६०० च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ ६० कॅलरींचा. या केकचा पाचवा हिस्सा. ३० किलोच्या लॅबला जेमतेम अर्धा. उरलेला दोस्तमंडळींत वाटा. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता धोक्याचं. पाहुणे माणसांचा केक आणतात, आणि तो टेबलाच्या कडेला असतो.

चॉकलेटमधलं थिओब्रोमीन माणसाचं शरीर बरंच लवकर निकालात काढतं. कुत्र्याच्या रक्तात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेसतरा तास लागतात. शरीराच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलटी, जुलाब, अस्वस्थता दिसते. ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येतात. मिल्क चॉकलेटच्या ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असतं, डार्कमध्ये ५ च्या आसपास किंवा जास्त आणि कोको पावडरमध्ये त्याच्या कित्येक पट. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅमची मिल्क चॉकलेटची वडी खाल्ली की त्रास सुरू होण्याची पातळी गाठली. तेच डार्कचे ४० ग्रॅम पुरतात.

झायलिटॉल ही गोडी त्याहून फसवी. ‘शुगर-फ्री’ च्युइंगगम, काही मिठाया आणि काही पीनट बटरमध्ये ती असते. माणसाला निरुपद्रवी, कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ती साखर वाटते आणि इन्शुलिनचा पूर सुटतो. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, कुत्रा लडखडतो, बेशुद्ध पडू शकतो. जास्त प्रमाणात यकृतही निकामी होतं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पीनट बटर देऊ नका.

तिसरा धोका मराठी स्वयंपाकघरात सर्वांत जास्त : द्राक्षं, मनुका, बेदाणे. कुणाच्या मूत्रपिंडाला किती पुरेल, याचा काही नेम नाही, म्हणून एकही नको. यामागचं कारण अनेक वर्षं कोडं होतं. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांना क्रीम ऑफ टार्टर ही बेकिंगमध्ये वापरतात ती पूड खाल्लेल्या कुत्र्यांत अगदी तशीच लक्षणं दिसली आणि २०२१ मध्ये त्यांनी बोट ठेवलं टार्टारिक आम्लावर. हे आम्ल द्राक्षात असतं, आणि दुसरं कशात भरपूर असतं? चिंचेत. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही पुढे आल्या. म्हणजे शिऱ्यातले आणि चिवड्यातले बेदाणे, बेसनाच्या लाडवावर टोचलेला तो एक बेदाणा, आणि चिंच-गुळाची आमटी कालवलेला उरलासुरला भात, हे सगळं कुत्र्यासाठी वर्ज्य. कांदा-लसूणही तसेच, त्याने तांबड्या पेशी फुटतात. तळण, तूप आणि मटणाची चरबी एकदम भरपूर मिळाली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

यांतलं काही खाल्लंच, तर घरगुती उपाय करत बसू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढणं स्वतःच घातक आहे. काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं लिहून घ्या, वेष्टन बरोबर घ्या आणि डॉक्टर गाठा.

औक्षणाच्या ताटाबद्दल एक सूचना. निरांजन लांबून ओवाळा, आणि ताटात सुपारी-अंगठी ठेवू नका. सुपारी घशात अडकू शकतेच, शिवाय तिच्यातल्या अरेकोलीनचा कुत्र्याच्या आतड्यांवर जोरदार परिणाम होतो. एके काळी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला हेच अरेकोलीन देत असत.

वय बघून भेट

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सोपा आहे आणि चुकीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या गटाने लॅब्रॅडॉरांच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल माणसांतल्या बदलांशी ताडून बघितले. २०२० मध्ये त्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार एक वर्षाचा लॅब म्हणजे साधारण ३१ वर्षांचा माणूस, चार वर्षांचा ५३, आठ वर्षांचा ६४ आणि बारा वर्षांचा ७१. कुत्रं आधी भरधाव मोठं होतं, मग वेग मंदावतो. इतर जातींना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात.

पहिल्या वाढदिवसापर्यंत दुधाचे २८ दात पडून पक्के सगळे आलेले असतात. चावण्याचा जोर वाढलेला, अक्कल अजून यायची असते. या वयाला मजबूत रबर आणि डोकं चालवायला लावणारे खेळ. तीन-चार वर्षांच्या तरण्याबांड कुत्र्याला लागतं काम : लपवलेलं शोधणं, आणून देणं, पोहणं. आठ-नऊच्या पुढे भेटीचं स्वरूप बदलायला हवं. आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. पाण्याच्या भांड्यापासून त्याच्या जागेपर्यंत रबरी पायपट्टी अंथरा. सांधे दुखत असतील तर जाड, न दबणारी गादी. मोतीबिंदू झालेल्याला चेंडू फेकून काय उपयोग? नाक मात्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी साथ देतं. हुंगण्याची चटई तेव्हाही चालते.

टोपी, फुगे आणि पाहुणे

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांतून. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्याला मुंबईच्या दमटपणात सॅटीनचं जाकीट घालणं हा लाड नव्हे. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर ते जिवावर बेतू शकतं. रुमाल बांधा, फोटो काढा, सोडा.

फुगा फुटला की कुत्रं दचकतं आणि फुटलेलं रबर गिळू शकतं. वीस माणसांनी एकामागून एक डोक्यावर थोपटणंही बहुतेकांना नको असतं. झोप आलेली नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट आत घेणं, ही सगळी ‘पुरे आता’ म्हणण्याची कुत्र्याची भाषा आहे. ती दिसली की उत्सवमूर्तीला आतल्या खोलीत निवांत सोडा. पोरांनी केक खाल्ला की समारंभ साजरा झालाच.

न मिरवणाऱ्या भेटी

काही भेटी फोटोत दिसत नाहीत. गळपट्ट्याला लावायची, फोन नंबर कोरलेली चकती ही त्यातली सर्वांत स्वस्त. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेलं कुत्रं घरी परत येण्याची शक्यता तिच्यामुळे कितीतरी वाढते. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सहज जावीत, इतका तो सैल हवा. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप त्वचेखाली बसवता येते. तिच्यातला १५ आकडी क्रमांक वाचक-यंत्रावर दिसतो. दरवर्षीची रेबीजची लस, पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, दातांची तपासणी आणि वजन, या सगळ्यांसाठी वाढदिवस ही लक्षात राहणारी तारीख आहे. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतोच.

आणि खुद्द कुत्र्याला विचारलं, तर? एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने हे जवळजवळ शब्दशः केलं. १५ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि खाऊची व मालकाच्या कौतुकाची खूण दाखवल्यावर मेंदूतला आनंदाचा भाग किती जागा होतो, ते मोजलं. २०१६ मध्ये निकाल आले : नऊ जणांना दोन्ही जवळपास सारखंच प्रिय, चौघांना कौतुक जास्त, आणि खाऊ जास्त प्रिय असलेले फक्त दोघे.

तेव्हा यंदा खरेदी करायचीच असेल तर एकच वस्तू घ्या. निळी किंवा पिवळी, नखाची खूण उमटणारी, त्याच्या लाडक्या कडीला साजेशी. त्या संध्याकाळी फिरायला नेताना फोन घरी ठेवा, लांब दोरी लावा आणि कुठे वळायचं, कुठल्या खांबापाशी किती वेळ थांबायचं, हे त्याला ठरवू द्या. आणि लसीची तारीख उलटून गेली असेल, तर आधी दवाखान्यात जा. केक दुसऱ्या दिवशी कापला म्हणून तो काही रुसणार नाही.